जांभळावरच्या चौदा आमऱ्या

वहीत चार वर्षांचे चार आकडे होते: नऊ, अकरा, बारा, चौदा. पाचवा आणायला आम्ही सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी निघालो.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी सहलीला भीमाशंकरच्या जंगलात गेलो होतो. तिथे पायवाटेपासून थोडं आत एक जुनं जांभळाचं झाड होतं, आणि त्याच्या खोडावर आमऱ्यांचे झुपके. आमरी म्हणजे झाडावर वाढणारं ऑर्किड. ते झाडाकडून जागा तेवढी घेतं, पाणी ढगातून मिळवतं. एकाच झाडाकडे वर्षानुवर्षं कुणी बघत नाही, असं सर बोलता बोलता म्हणाले. मी, उमंग आणि शर्लीने तिथेच ठरवलं की पाच वर्षं यायचं आणि जमिनीपासून पहिल्या बेचक्यापर्यंतचे झुपके मोजायचे. तेव्हा आम्हाला पाच वर्षं फार वाटली नव्हती.

प्रवास नेहमीसारखाच स्वस्तातला होता. शर्लीच्या पप्पांची ईको गाडी एरवी गास गावाहून भाजी घेऊन जाते. शनिवार-रविवार आम्हाला मिळाली. मागची सीट काढलेलीच होती, तिथे मी गोणपाटावर बसले. तिच्या मम्मीने, मार्गारेट आंटींनी, आंबवलेल्या मैद्याचे डबाभर फुगे तळून दिले होते, मी आमच्या नंदाखालच्या वाडीतली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, घेतली होती. राहायची सोय जंगलाजवळच्या गावात दरवर्षीच्याच घरी, पडवीत.

उमंग चंदनसारला राहतो, मोबाइल टॉवरच्या कंपनीत आहे. शर्ली शाळेत विज्ञान शिकवते. दोघं पुढे बसून बोलत होते. मधेच शर्ली हसली, मी काय झालं विचारलं, तर उमंग म्हणाला, काही नाही, जुनी गोष्ट आहे. त्यांच्यात माझ्याशिवायच्या जुन्या गोष्टी कधी तयार झाल्या ते मला कळलं नव्हतं. बाबा गेल्यापासून मीच फोन उचलणं कमी केलं होतं, हेही खरं.

या वर्षी दोघांनाही यायचं नव्हतं, हे मला ऑगस्टपासून दिसत होतं. शर्ली म्हणाली जव्हारला जाऊ, जवळ पडेल. उमंग म्हणाला वाट बुजली असेल, जळवा असतील. मी हट्ट धरला तेव्हा त्याने टोमणा मारला, "तुझ्या झाडाचं आधार कार्ड काढून घे एकदा." मी हसले नाही. मला एवढंच कळत होतं की हा आकडा आता एकटीला हवा आहे.

आणि मला तो का हवा होता, ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. गेल्या सप्टेंबरात बाबा आयसीयूत होते, म्हणून मी येऊ शकले नाही. ते दोघं माझ्याशिवाय आले. बाबांनी आयुष्यभर केळी लावल्या, रोपं मोजायची सवय त्यांचीच मला लागली. त्यांना या झाडाचं भारी कौतुक. शुद्धीवर असताना त्यांनी विचारलं, या वर्षी किती? मी उमंगला मेसेज केला. दुपारी उत्तर आलं: चौदा. मी बाबांच्या कानाशी सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे वाढल्या." त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. तो आकडा ही त्यांनी माझ्याकडून ऐकलेली शेवटची गोष्ट होती. पाचवा आकडा मला त्याच्यापुढे लिहायचा होता.

माळशेज, जुन्नर, घोडेगाव करत दुपारी बाराला पोचलो. पाऊस नव्हता, ढग जंगलात उतरला होता. अशा वेळी उघड्यावर कोरडं असतं आणि झाडाखाली उभं राहिलं की भिजायला होतं; पानं ढग गाळून पाणी खाली सोडतात. दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. मी पुढे चालत होते. मागचे दोघं हळूहळू मागे पडत गेले.

झाड जिथे असायला हवं तिथे उजेड होता.

ते आडवं पडलं होतं. मुळांचं चाक माझ्या डोक्याहून उंच उभं राहिलं होतं. मला आधी वाटलं, याच पावसाळ्यात पडलं असणार, आपण दोन महिने उशिरा आलो. मग मी बघायला लागले, कारण बघण्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. बारीक डहाळ्या एकही नव्हत्या. मुळांवरची माती धुऊन गेली होती आणि फटींत नेचे वाढले होते. सालीवर कठीण, पंख्यासारख्या बुरशीचे थर होते. फांद्यांच्या मधून कारवी वर आली होती. मी एक रोप वाकवून पाहिलं. खाली गेल्या वर्षीची करडी काडी होती, आणि तिच्या पेरांतून या वर्षीचे हिरवे फुटवे निघाले होते. दोन पावसाळ्यांची वाढ. झाड पडून उजेड आल्याशिवाय ती इथे आली नसती.

गेल्या सप्टेंबरात झाड पडलेलंच होतं.

ते दोघं येऊन माझ्या मागे उभे होते. मी कारवीचं रोप सोडलं.

"गेल्या वर्षी चौदा कुठे मोजल्या?" मी विचारलं.

उमंग शर्लीकडे बघायला लागला. शर्लीनेच सांगितलं. त्यांनी झाड बघितलं, मोजलं काहीच नाही, कारण बेचकं तुटून गेलं होतं. मला काय कळवायचं ते ठरवत वर एसटी स्टँडपर्यंत आले. तिथे फोनला रेंज आली आणि माझा मेसेज दिसला: आकडा पाठवा, बाबा विचारतायत.

"उमंग तेरा लिहीत होता," शर्ली म्हणाली. "मीच म्हटलं, तेरा नको. आजारी माणसाला तेरा नको सांगू."

मी दिवसभर कंपनीच्या प्रयोगशाळेत दुसऱ्यांची मापं तपासते. फार नीट वाढणारे आकडे दिसले की माझा पहिला संशय मापावर जातो. नऊ, अकरा, बारा, चौदा. यांचा आलेख मी भिंतीला लावला होता.

"नंतर का नाही सांगितलंत?"

"कधी सांगायचं?" उमंग म्हणाला. "तू दिवसकार्याला आलेल्या प्रत्येकाला सांगत होतीस, बाबांना चौदा कळल्या म्हणून."

हे मला आठवत नव्हतं. पण मी तसं केलं असेन.

वर्षभर दोघांनी हे आपापसांत सांभाळलं होतं. गाडीतली जुनी गोष्ट तीच असेल किंवा नसेल. मला राग यायला हवा होता. त्याऐवजी असं वाटलं की त्या दुपारी आयसीयूत मी आणि बाबा दोघंच होतो, आणि आकडासुद्धा तिथे नव्हता.

शर्ली म्हणाली, चल, काहीतरी खाऊन घेऊ. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. ती थांबणार होती, पण उमंगने तिला मान हलवून खूण केली. दोघं ढगात शिरले आणि थोड्या वेळाने त्यांचं बोलणंही ऐकू येईना.

मी मोजायला लागले. बेचकं नव्हतं, पण खोडाला त्याच्या खाली जी गाठ होती ती सापडली, म्हणजे जवळपास तीच लांबी. जमिनीला टेकलेल्या बाजूचे झुपके कुजून गेले होते. आकाशाकडे तोंड असलेल्या बाजूला सहा जिवंत होते. एकाची मुळं खोड सोडून हवेत लोंबत होती, टोकं हिरवी होती. मी दोनदा मोजलं, दुसऱ्यांदा उलट टोकाकडून. सहाच.

पाचव्या ओळीवर लिहिलं: सहा, पडलेल्या खोडावर.

मग चौथी ओळ. आमच्या प्रयोगशाळेत चुकलेला आकडा खोडून काळा करायचा नाही, असा नियम आहे. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही, तारीख आणि कारण. मी चौदावर रेघ मारली. सही केली. तारीख टाकली. कारणापाशी पेन थांबलं. वरून टपटप पाणी वहीवर पडत होतं, म्हणून वही मिटून पिशवीत टाकली.

रविवारी संध्याकाळी शर्लीने मला नंदाखालला सोडलं. उतरताना तिने हाताला धरलं.

आई ओटीवर केळीची सुकी पानं निवडत होती. सुकेळीचा रिकामा डबा हातात घेत तिने विचारलं, "किती भरल्या गं?"

"सहा."

तिने मान वर केली. "ह्यांना चौदा सांगितल्या होत्यास ना? मी रात्री बसले होते जवळ, तेव्हा मला म्हणाले, यंदा पोरगी नाही गेली तरी मोजून आले ते दोघं. चांगली आहेत पोरं."

मी आत गेले. वही काढली. पानाला ओल लागली होती, पण रेघेखालचा चौदा स्पष्ट दिसत होता. कारणाच्या जागी मी लिहिलं: मोजलेल्या नाहीत, बाबांना सांगण्यासाठी.

मग उमंगला आणि शर्लीला त्या पानाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, अजून दोन सह्या लागतील.