फ्रीमँटलला उतरवलेली

डल्सी हार्कनेस ऑस्ट्रेलियाकडून एकच कसोटी खेळली, तीही मेलबर्नला. पहिल्याच डावात तिनं एकाहत्तर धावा काढल्या, तेव्हा इंग्लंडची कप्तान स्वतःहून येऊन म्हणाली, "आमच्याकडे ये पुढच्या वर्षी. तुझा कटचा फटका तिथल्या लोकांना बघू दे."

युद्ध संपून पाच-सहा वर्षं झाली होती. बायकांच्या संघाला इंग्लंडच्या बोटीचं भाडं पदरचं भरावं लागे. डल्सीच्या कॉराडेल गावानं केक विकून, नाचाचे कार्यक्रम करून ते उभं केलं. तिच्या बापाची बेकरी होती. पोरीला निरोप द्यायला तो पिठाच्या हातांनीच स्टेशनवर आला होता.

ॲडलेड मागे पडलं आणि डल्सीला उठवेना. बोट लागली, असं सगळ्या म्हणाल्या. संघाच्या व्यवस्थापक प्रॉक्टरबाई मात्र केबिनचं दार लावून तिच्या उशाशी बसल्या.

"कितवा महिना?"

"बोट लागलीय मला."

"जन्मभर बाळंतपणं केलीत मी, डल्सी. मला बोटीचं सांगू नकोस."

डल्सी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तिसरा."

"त्याला ठाऊक आहे?"

"तो क्वीन्सलँडला गेला, बायकोकडे. बायको आहे हे मला मागाहून कळलं."

डल्सी उठून बसली. "निदान पहिली कसोटी खेळू द्या. ढगळ स्वेटर घालीन. कुणाला दिसायचं नाही."

"आणि पोटावर चेंडू बसला म्हणजे?"

"बसला तर सुटले."

हे तिनं बोलायला नको होतं. बाई उठल्या आणि बाहेर निघून गेल्या. फ्रीमँटलला, ऑस्ट्रेलियाच्या शेवटच्या बंदरात, बोट थांबताच डल्सीची ट्रंक धक्क्यावर उतरली. अपेंडिक्सचा त्रास, असं वर्तमानपत्रांना कळवलं गेलं. तिच्या केबिनमधली नॅन्स कठड्यावरून ओरडली, "बरी झालीस की विमानानं ये गं." तिला ते खरंच वाटलं होतं.

ती आगगाडीनं परतली तेव्हा आई मेलबर्नच्या स्टेशनवर उभी होती. घरी न नेता तिनं डल्सीला थेट आश्रमात नेलं. तिथं अशा पोरी दिवस भरेपर्यंत धुणी धूत.

"गावात सांगितलंय, ऑपरेशन झालं, हवापालटाला ठेवलंय," आई म्हणाली.

"बाबा काय म्हणाले?"

"तुझं नाव काढायचं नाही म्हणालेत."

बाळंतपणाच्या वेळी तिच्या डोळ्यांपुढे चादर धरली होती. रडणं ऐकू आलं, मग दाराचा आवाज.

"मुलगा की मुलगी?"

"विचारू नकोस," नर्स म्हणाली. "न विचारलेलं बरं असतं."

बाळ दत्तक गेलं आणि डल्सी घरी परतली. बाप तिला बेकरीत घेत होता, पण बोलत नव्हता. गिऱ्हाइकं विचारत, टाके दुखतात का? ती म्हणे, थंडीत दुखतात. पुढल्या हंगामात तिनं क्लबकडून धावांची रास घातली, तरी राज्याच्या संघात नाव आलं नाही. निवड समितीवर प्रॉक्टरबाई होत्या. डल्सी मेलबर्नला त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"खेळ कमी पडतोय का माझा?"

"नाही. पण पोरींना त्यांच्या आया माझ्या भरवशावर पाठवतात."

"माझं तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?"

"मला आहे ना," बाई म्हणाल्या. त्यांनी चहाचंही विचारलं नाही.

ती पुन्हा कुठं गेली नाही. लग्न केलं नाही. पहाटे भट्टी लावायची, शनिवारी कॉराडेलकडून खेळायचं. हात शाबूत होता, कटही तसाच बसे. तिशी उलटली तशी मैदानाच्या कडेला पोरं जास्त दिसू लागली. एखादं साधारण आपल्या बाळाच्या वयाचं दिसलं की तिचं चित्त उडे. गोलंदाजाला हात दाखवून ती थांबवी, कडेला बघत राही आणि मग पुन्हा पवित्रा घेई. मुलगा की मुलगी हेच ठाऊक नव्हतं, त्यामुळे तिला सगळ्यांकडेच बघावं लागे.