हर्रासातल्या नेटला लागलेली नजर

"डोळे मिटा! एकबी डोळा उघडा दिसला त नेट जन्मात येत नाही!"

पुंजाजी महाराज गरजले आणि मोर्शीच्या संत्रा संघातल्या झाडून साऱ्या अडत्यांनी, बागाईतदारांनी डोळे घट्ट मिटले. बाहेर संत्र्यांच्या गाड्या उन्हात तापत होत्या आणि आत बोली लावायचे सगळे संगणक थिजले होते. महाराज धुपाटणं घेऊन टेबलाखाली शिरले. "निंघ वो माय तारेतून! वायफायातून आली, उदबत्तीतून जाय!"

थोड्याच वेळात पडद्यांवर भाव हलू लागले. "आलं, आलं! महाराज की जय!" संघाचे अध्यक्ष खुशालराव तर थेट पाया पडले. हा चमत्कार काही पहिला नव्हता. हर्रासाच्या, म्हणजे लिलावाच्या, ऐन वेळी नेट बसायचं आणि महाराज नेमके प्रसाद वाटायला आलेले असायचे. बदल्यात त्यांना काही म्हणता काही नको होतं. फक्त यार्डातला रस्त्यालगतचा प्लॉट, मठासाठी!

संघाच्या ऑफिसात काम करणाऱ्या मंजुषाने मात्र डोळे मिटले नव्हते. ती लुबनाकडे बघत होती. लुबना संगणक विभागाची प्रमुख झाल्यापासून मंजुषाला दुसरं काही दिसतच नव्हतं. दोघी अमरावतीला एकाच वर्गात नेटवर्किंग शिकल्या, मार्क मंजुषाला जास्त, आणि फिरती खुर्ची मिळाली लुबनाला. ती खुर्ची नुसती कुरकुरली तरी मंजुषाच्या पोटात दुखायचं. अडत्यांचं 'लुबनाताई, लुबनाताई' तर तिला कानात मिरची घातल्यासारखं झोंबायचं. आज सकाळीच तिच्या मनात येऊन गेलं होतं, बसू दे हिचं नेट, होऊ दे चांगली फजिती.

असं डोळ्यांत तेल घालून लुबनाच्या टेबलाकडे बघताना तिला भलतंच दिसलं. टेबलाखाली भिंतीत नेटच्या दोन खाचा होत्या. महाराजांचा हात तिथे गेला आणि दोन्ही खाचांत टोकं खोचलेली एक आखूड पिवळी वायर निघून झोळीत गडप झाली.

ती काही बोलणार तोच महाराजांनी बोट उचललं. "नजर घरातलीच हाय. या हापिसातली एक बाई. दुसरीचं चांगलं तिच्यानं पाहवत नाही."

सगळ्या माना मंजुषाकडे वळल्या. तिचं जळणं कुणापासून लपलेलं नव्हतं.

"मंजुषा, उद्यापासून येऊ नको वो," खुशालराव म्हणाले. "हर्रास बुडला त संघ बुडते."

मंजुषाची नोकरी तर चाललीच, पण आता मोर्शीत कुणी आपलं लेकरू तिच्यासमोर आणणार नव्हतं. क्षणभर तिलाच वाटलं, खरंच आपलं जळणं वायरीत शिरलं की काय? मग ती पिवळी वायर आठवली आणि तिला स्वतःचाच राग आला.

ती लुबनाच्या कानाशी गेली. "स्पॅनिंग ट्री चालू हाय ना?"

लुबनाचा चेहरा उतरला. "बंद केलं मी. मशीन लावली का अर्धा मिनिट नेट येत नव्हतं. अडते माझ्यावर ओरडून राहिले होते."

मंजुषाच्या मनात उकळी फुटली. एवढंच मोठ्यानं बोललं की खुर्ची आपली! पण सारे लुबनावर तुटून पडले असते आणि महाराज झोळीसकट निसटले असते. नजरेचा डाग मात्र तिच्याच कपाळी राहिला असता.

"महाराज, थांबा. माही नजर किती कडक हाय, ते दाखवते." आणि तिने झोळीत हात घालून वायर ओढली.

"हात लावू नको! प्रसादाची वायर हाय ते!"

हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. मंजुषाने दोन्ही टोकं दोन खाचांत खोचली. पडदे थिजले. वायर उपटली, भाव पुन्हा हलू लागले.

"काहून झालं असं?" खुशालरावांनी विचारलं.

"निरोप एका खाचेतून निंघते अन् दुसरीतून परत आत येते. गोल गोल फिरते, दर फेऱ्यात वाढते. हर्रासात एकच बोली सारे जण एकसारखे ओरडून राहिले, त खरी बोली ऐकू येईन का तुमाले?"

तेवढ्यात लुबना खुर्चीतून उठली. "अन् असं होऊ नये म्हणून नेटच्या त्या भिंतीवरच्या डब्यात सोय असते, स्पॅनिंग ट्री. रस्ता फिरून घरीच येऊन राहिला दिसलं, का डबा एक दार लावून घेते. त्याले तपासाले अर्धा मिनिट लागते. मी ते बंद केलं होतं. गलती मेरी है." तिने बटणं दाबली. अर्धा मिनिट नेट गेलं आणि या वेळी एकही अडत्या ओरडला नाही. मंजुषाने वायर पुन्हा खोचली. भाव हलतच राहिले.

महाराज तोवर फाटकाबाहेर पोचले होते.

"वा लुबनाताई! गलती कबूल कराले हिंमत लागते," कुणीतरी म्हणालं आणि टाळ्या पडल्या. मंजुषाच्या पोटात पुन्हा कळ आली. वायर शोधली कुणी, आणि टाळ्या कुणाला!

"उद्या ये वो मंजुषा," खुशालराव ओशाळून म्हणाले.

"येते. पण ऐकून घ्या सारे," ती म्हणाली. "मी लुबनावर जळते. आताबी जळून राहिली. वायर खोचलेली हाय, मी तिच्याकडं टक लावून पाहून राहिली, अन् नेट चालूच हाय. माह्या जळण्यानं माहं पोट दुखते, नेट नाही बसत. पुढच्या वेळी काही बंद पडलं, त कोण्या बाईचं तोंड पाहू नका. पहिले वायर पाहा."