यादीतली दुसरी

बोर्डिंग पासवर जागेचा आकडाच नव्हता. थोरलीने तो उलटसुलट करून पाहिला आणि विमानाच्या दारापाशी बसलेल्या मुलीला विचारलं.

"ताई, काहीजण येत नाहीत म्हणून थोडी जास्त तिकिटं विकतात," मुलगी ओशाळून म्हणाली. "आज नेमके सगळे आलेत. दोघांना जागा नाही. यादीत तुम्ही दुसऱ्या."

थोरलीचा जीव टांगणीला लागला. उद्या सकाळी वडिलांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. 'तू आल्याशिवाय मी आत जायचा नाही,' असा हट्ट धरून बसले होते. पुढचं विमान उद्या दुपारचं.

माइकवरून विनंती झाली. आपखुशीने जागा सोडणाऱ्याला हॉटेल, जेवण आणि नंतर कधीही वापरता येईल असं फुकट तिकीट. सगळ्यांनी मोबाइलमध्ये डोकी खुपसली.

"धाकटे, बाबांना समजाव गं," फोनवर बोलताना थोरलीचा आवाज चिरकला. "म्हणावं, ऑपरेशनला माझी वाट बघू नका."

समोर बसलेले एक आजोबा ताडकन उठले. "माझी जागा या बाईंना द्या."

"अहो! मला विचारलंत?" शेजारी बसलेल्या त्यांच्या आजींनी चष्म्यावरून डोळे वटारले.

"तू हो पुढे. मी उद्या येतो."

"एकटे? स्वतःचा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारे तुम्ही!"

मुलगी चाचरत म्हणाली, "आजोबा, सुटलेली जागा यादीतल्या पहिल्याला जाते. तसा नियमच आहे."

पहिले गृहस्थ केव्हाच बॅग उचलून उभे होते. त्यांचंही कुठे काही अडलं असेल, थोरलीने मनाला समजावलं. तिने सगळ्यांकडे पाठ फिरवून डोळे पुसले.

आजोबांचा चेहरा पडला. आजी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"निघाले मोठे दानशूर! तेही धड जमलं नाही." त्यांनी आपला पास टेबलावर ठेवला. "घे गं मुली, हाही घे. आता तरी हिचा नंबर लागतो ना?"

थोरलीने त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले.

"अगं, हात सोड! विमान जाईल," आजी खेकसल्या. मग तिच्या गालावरून हात फिरवून नवऱ्याकडे वळल्या. "चला आता. फुकटचं जेवण तरी गरम मिळतंय का बघू."

सकाळी वडील तिचा हात धरून ऑपरेशनच्या खोलीपर्यंत गेले आणि मुकाट आत शिरले. थोरली बाहेरच्या बाकावर बसली. देवाचे आभार मानायला तिने डोळे मिटले. रोजची प्रार्थना ओठांवर आली, पण डोळ्यांपुढे देव काही येईना. चष्म्यावरून रागाने बघणाऱ्या आजीच येऊन उभ्या राहिल्या. थोरलीने त्यांनाच हात जोडले.