दगडासकट वजन

मित्रांनो, शेडच्या दाराआड खिळ्याला लटकलेला, गंजून तांबूस झालेला मी एक जुना ताणकाटा आहे. कारखान्यात माझ्या पोटात स्प्रिंग बसवली, खाली हूक लावला. वाटलं, भाजीवाल्याकडे जाणार. पण नशिबाने गाठ घातली ती मधमाश्यांशी!

माझे मालक मधपाळ. थंडीत फुलं नसतात, माश्या पेटीतल्या साठवलेल्या मधावरच तग धरतात. कडाक्याच्या गारठ्यात झाकण उघडून बघायची सोय नाही. म्हणून मालक माझा हूक पेटीच्या बुडाला अडकवून ती बोटभर उचलत. हलकी लागली की समजायचं, मध संपत आला; लगेच आत साखर द्यायची. "हा गडी थापा मारत नाही हं," असं ते बायकोला कौतुकाने सांगत. मी नुसता फुगून जायचो.

मग मालक गेले. मुलगा म्हणाला, "आई, विकून टाक त्या पेट्या."

"त्यांच्या माश्या आहेत रे. मी बघीन."

थंडीत वारा सुटला, तशी झाकणं उडू नयेत म्हणून बाईंनी प्रत्येक पेटीवर धोंडा ठेवला आणि वजनही तसंच केलं. "चांगल्या जड आहेत की!" म्हणत त्या निर्धास्त झाल्या. मालक वजनाआधी धोंडा उतरवायचे, हे त्यांना कोण सांगणार? मी आतल्या आत ओरडत होतो, पण काट्याला तोंड कुठे असतं!

ऊन पडलं, तेव्हा कोपऱ्यातल्या पेटीतून एकही माशी बाहेर आली नाही. बाईंनी झाकण काढलं. पोळ्याच्या रिकाम्या घरांत डोकी खुपसून सगळ्या मेल्या होत्या. बाईंची नजर बाजूला उतरवलेल्या धोंड्यावर गेली. "उपाशीच राहिलात गं बायांनो!" मग घाईघाईने त्यांनी बाकीचे धोंडे उतरवले, पुन्हा वजन केलं. माझा काटा जेमतेम हलला. त्यांनी तसंच धावत जाऊन साखर आणली. त्या पेट्या वाचल्या.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "कशी आहेस?"

"ठणठणीत. मला काय धाड भरलीय!"

फोन ठेवून त्या शेडमध्ये आल्या, मला खिळ्याला अडकवलं आणि तिथेच कितीतरी वेळ रडत उभ्या राहिल्या. ऐकायला मी एकटाच होतो.

मित्रांनो, तुमचं कुणी असं एकटं राहत असेल, तर फोनवरच्या 'ठणठणीत'वर विसंबू नका. उठा आणि त्यांच्या घरी जा.