नळाचा पाइप

सुग्रीव विहिरीच्या काठावर पालथा पडून खाली बघत होता. पाण्यावर त्याच्या बायकोची, वनिताची, एक चप्पल होती आणि घागर कडेला लागून हलत होती. गळ टाकणाऱ्याने तिसऱ्यांदा दोर ओढला तेव्हा तो जड लागला.

"काठ लई वाईट झालाय," मागून कुणीतरी म्हणालं.

रात्रीच्या पावसाने कडेची माती खचली होती. वनिताचा पाय तिथूनच घसरला होता. पलीकडे नळयोजनेचे पाइप रचून ठेवले होते. सरपंचाने नारळ फोडून फोटो काढला त्याला तीन वर्षं झाली होती. पाइपांमधून गवत वर आलं होतं. सुग्रीवने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि चप्पल काढायला बांबू मागितला.

तेराव्यानंतर पाणी तोच आणू लागला. त्याच विहिरीतून, त्याच काठावरून.

गणपती बसले त्या संध्याकाळी तो खांद्यावर घागर घेऊन मंडपापुढून चालला होता. आत पांढरंशुभ्र क्षेपणास्त्र टांगलेलं. थर्माकोलचे पंख, मागे लाल दिवा. सुग्रीवने घागर खाली ठेवली. रंगाखालून पाइपावरची निळी छापील ओळ दिसत होती.

"हे कुठलं?"

मंडळाचा अध्यक्ष अंगद केजच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. तो खुशीत पुढे आला.

"'अस्त्र' नाव हाय ह्याचं, तात्या. विमानातून विमानावर सोडायचं. आपल्या देशात बनलंय. पहिली चाचणी दोन हजार तीनला, अन् विमानावरून सोडायला चौदा साल उजाडलं. आता शंभर किलोमीटरवरचं विमान पाडतंय. इथून परळीच्या थर्मलच्या दुप्पट लांब."

"पाइप कुठला म्हणतोय मी."

"खऱ्याची जाडी जवळपास एवढीच असती. बरोबर मापाचा गावला." अंगदचा आवाज जरा उतरला. "तिथं पडूनच हुता की."

सुग्रीव त्या निळ्या ओळीकडेच बघत राहिला. अंगदला ते बरं वाटलं नाही, म्हणून तो बोलत राहिला.

"आधीच्या क्षेपणास्त्रांचं अवघड हुतं. ते लागेस्तोवर विमानानं रडार निशाणावर धरून ठेवायचं. तोवर माघारी वळता येत नव्हतं. ह्याच्या नाकातच रडार हाय. शेवटी आपलं आपण शोधतंय. वैमानिकानं सोडायचं अन् माघारी फिरायचं."

"ते तर आपल्या सरपंचालाबी येतंय. नारळ फोडायचा अन् माघारी फिरायचं."

मंडपातला एक जण हसला.

सुग्रीवने बाजूची खुर्ची ओढली, तिच्यावर चढला आणि दोरीची गाठ सोडायला लागला. गाठ सुटेना. त्याने दातांनी ओढली.

"तात्या, आरतीची येळ झाली. देशाची गोष्ट हाय ही. लोक काय म्हणतील?"

"वनिता बुडाली तवा काय म्हणाले लोक? काठ वाईट झालाय म्हणाले. उचला आता हे."

पुढची गाठ सुटली. पाइपाचं टोक धाडकन खाली आलं, थर्माकोलचा पंख मोडला. मुलं ओरडली. दोघेतिघे सुग्रीवच्या अंगावर धावले. अंगदने हात आडवा घातला आणि त्यांना थांबवलं. पण मदतीला तोही आला नाही. मागची गाठही सुटली. सुग्रीवने पाइप खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. मागचं टोक जमिनीवर घासत राहिलं.

आरतीला आलेल्या बायकांत वत्सलाबाई होती. तिने हातातलं ताट शेजारणीकडे दिलं आणि मागचं टोक उचललं.

"हळू चाल बाबा. माझं गुडघं धड न्हाईत."

"ऱ्हाऊ दे काकू."

"पाणी मीबी तिथूनच आणते. चल."

दोघं मंडपातून निघाले. दोन पावलं गेल्यावर पाइप अडला. अंगद वाकला. त्याने लाल दिव्याची वायर सोडवली आणि ती हातात धरून तिथेच उभा राहिला.

पाइप आता विहिरीजवळ, बाकीच्या पाइपांवर आहे. सगळे काळपट आणि हा एकटा पांढरा. बायका त्याला वळसा घालून काठावर जातात.

पाइप पुरायची चारी अजून कुणी खणलेली नाही. काठही बांधलेला नाही.