लावेनीचा होकार

"शून्य?" कालोलाइनेचं डोकंच फिरलं. सहा वर्षं शाळेत ज्या पोरीला तिनं भरवलं, उचललं, कुशीवर वळवलं, त्या लावेनीच्या कागदावर मेलबर्नहून आलेल्या ब्रॉनविनबाईंनी पेन्सिलीनं लिहिलं होतं: संवाद, शून्य.

टोंगाच्या राजधानीतल्या, नुकुआलोफाच्या त्या शाळेत मदतनिसांच्या प्रशिक्षणाचा आज पाचवा दिवस. बाई वाईट नव्हत्या हो. आकडी आली तर काय करायचं, नीट गिळता न येणाऱ्या मुलाची मान कशी धरायची, सगळं जीव तोडून शिकवलं. पण शून्यवाल्या मुलाला नव्या वर्गात जागा नाही, असा त्यांच्या संस्थेचा नियम. जुना वर्ग तर आजपासून बंद, म्हणजे लावेनी उद्यापासून घरी, आजीच्या पडवीत. हातपाय चालत नाहीत, जीभ वळत नाही. शाळेशिवाय त्या पोरीला होतं काय?

"बाई, ती बोलते," कालोलाइने म्हणाली.

"चारदा विचारलं मी. मान नाही, बोट नाही, आवाज नाही."

"भुवया उचलल्या ना तिनं!"

"स्नायूंचे झटके असतात ते. तुमची माया आहे, म्हणून तुम्हाला तसं वाटतं. करा सही."

माया! कालोलाइनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुख्याध्यापिका सिउताका हळूच म्हणाल्या, "कर गं सही. पाहुण्या आहेत त्या."

"पाहुण्यांचा मान राखायला पोर घरी बसवू? नाही करत जा!" मग ती ब्रॉनविनबाईंकडे वळली. "बाई, या सगळ्यांना विचारा, भूक लागली का."

बाई गोंधळल्या, पण विचारलं. समोर बसलेल्या बाराही मदतनिसांनी भुवया उचलल्या. तोंडातून चकार शब्द नाही. बाई वाट बघत राहिल्या.

"कुणीच का बोलत नाही?"

"बोलल्या की! आमचा 'हो' असाच असतो. लिहा आता, बारा शून्यं!"

खोलीत हशा फुटला. "पाच दिवस बाई तेच तेच विचारतायत," मागून एकजण म्हणाली, "मला वाटलं, सवयच असेल!"

ब्रॉनविनबाईंचे कान लाल झाले. तरी नियम तो नियम, सलग तीनदा उत्तर हवं. त्या लावेनीच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसल्या. शाळेत यायचंय का, असं कालोलाइनेनं टोंगनमध्ये विचारलं. भुवया वर. पुन्हा विचारलं. पुन्हा वर, आणखी उंच. तिसऱ्यांदा विचारलं, तर पोरीनं डोळेच घट्ट मिटून घेतले.

"बघा, थांबली," बाई पुटपुटल्या.

"थांबली नाही, वैतागली! दोनदा हो म्हटल्यावर कुणी तिसऱ्यांदा विचारलं असतं, तर मी चांगलंच झापलं असतं."

बाईंना हसू फुटलं, पेन्सिल त्यांनी खाली ठेवली. कालोलाइनेनं कागद ओढून घेतला, शून्यावर काट मारली आणि खोडता येऊ नये म्हणून पेनानं ठसठशीत लिहिलं: "हो. हो. आता पुरे." मग खाली सही ठोकली.