शेठ येईपर्यंत नारळ

आनंदाशेठ लोणावळ्याला तीन दिवसांचं शिबिर करून आले आणि आमच्या गावाचं घड्याळच बिघडलं. शिबिराचं नाव ‘वेळ हीच पूजा’. मिळालेला प्रत्येक क्षण ही देवाची ठेव आहे आणि पुढाऱ्यानं तर ती फारच जपून वापरायला हवी, असं तिथे त्यांना कळलं म्हणे. शेठ आमच्या देवस्थानचे अध्यक्ष. त्यांनी लगेच वेळ जपायला सुरुवात केली, आधी आमची. भजन वीस मिनिटांत आटपायचं, प्रदक्षिणा तीनच, हळदीकुंकवाला उखाणे बंद. स्वतःच्या मोबाइलमध्ये त्यांनी देवळातल्या घंटेचा आवाज भरून घेतला. दर दहा मिनिटांनी ती वाजायची आणि शेठ बोलता बोलता उठून पुढच्या कार्यक्रमाला जायचे. संध्याकाळची आरती मात्र ते आल्याशिवाय सुरू होत नसे. देवाकडे काय, वेळच वेळ.

मी मनिषा. माहेर नवीन पनवेलचं. लग्न होऊन या खाडीकाठच्या गावात आले त्याला अकरा वर्षं झाली, पण माझी जीभ अजून शहरातल्या सेक्टरमधलीच आहे असं सासूबाई म्हणतात. सासूबाई म्हणजे गंगाबाई. वय शहात्तर, हृदय अर्धंच चालतं, तोंड पूर्ण.

तर गोष्ट अ‍ॅम्ब्युलन्सची. गावातल्या चार जमीनवाल्यांनी मिळून देवस्थानला नवीकोरी अ‍ॅम्ब्युलन्स दिली. आमच्याकडे साधी स्कूटर घेतली तरी नारळ फोडल्याशिवाय आणि चाकाखाली लिंबू चिरडल्याशिवाय ती गल्ली ओलांडत नाही. त्यात देवस्थानची गाडी, म्हणजे नारळ अध्यक्षांच्याच हातचा. पण शेठना सवड कुठे? पहिली तारीख हुकली, दुसरी हुकली. तेवीस दिवस गाडी लाल फीत बांधून देवळासमोर उभी. हार वाळला की नवा घालायचे. जाता-येता बायका तिला हात जोडायला लागल्या, शप्पथ सांगते.

शेवटी शेठनी सकाळी दहाची वेळ दिली. आणि त्याच दिवशी साडेनऊला सासूबाईंना धाप लागली.

ओठ निळे पडले, धड बसवेना. प्रणित, माझा नवरा, उरणला बंदरात ड्युटीवर. रिक्षात ऑक्सिजन कुठला असायला? शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून देवळासमोर आणलं. गाडीत सगळं होतं. ड्रायव्हर भावेशसुद्धा कडक इस्त्रीचा पांढरा युनिफॉर्म घालून तयार होता.

“वहिनी, शेठनी बजावलंय, नारल फुटल्याशिवाय चाक हलवायचं नाय,” तो म्हणाला. “माजी नोकरी जाईल.”

मी शेठना फोन लावला. मागे लाउडस्पीकरचा घुमणारा आवाज.

“वहिनी, दहाच मिनिटं. कामोठ्यात स्टेजवर आहे. वेळेचं महत्त्व सांगतोय, मधेच कसा उठू?”

“शेठ, आईंना श्वास घेता येत नाहीये.”

“मी निघालोच समजा. तोपर्यंत नामस्मरण करा.” फोन कट.

मला रडू आलं आणि संतापही आला. संताप आधी आला. भोवती तीस-चाळीस माणसं उभी होती. सगळी भली माणसं, अडीनडीला धावणारी. पण नारळाला हात लावायला एकही पुढे आला नाही. “दहा मिनिटांचाच तर प्रश्न हाय,” कुणीतरी म्हणालं.

सासूबाईंनी पूजेच्या ताटाकडे बोट दाखवलं. “मने, आन तो.”

मी नारळ त्यांच्या मांडीत दिला. त्यांनी दोन्ही हात त्यावर ठेवले, डोळे मिटले आणि तो माझ्याकडे सरकवला. मी पायरीवर असा आपटला की पाणी भावेशच्या युनिफॉर्मवर उडालं. शेठसाठी चांदीच्या तबकात ठेवलेली कात्री उचलून मी फीतही कापली.

“वहिनी, लिंबू?” भावेश म्हणाला.

“लिंबाच्या जागी तुला घालू का चाकाखाली?”

गाडी निघाली.

सासूबाईंच्या फुप्फुसात पाणी झालं होतं. “अजून दहा-पंधरा मिनिटं उशीर झाला असता तर…” डॉक्टर म्हणाल्या आणि पुढचं वाक्य त्यांनी माझ्यावर सोडलं.

शेठ पावणेबाराला देवळात पोचले. तिथे फुटलेला नारळ बघून तडक हॉस्पिटलमध्ये आले, फोटोग्राफरसकट.

“वहिनी, थोडी वाट बघायची होती,” ते म्हणाले. “शुभकार्याला काही रीत असते.”

मी तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाईंनी मास्क बाजूला केला.

“आनंदा, तुजी आय आडली तवा मी नवीच लगीन होऊन आलेली,” त्या थांबत थांबत म्हणाल्या. “तुज्या आज्यानं नवी होडी बांधलेली. नारल पुनवेला फोडायचा होता, चार दिसांवर. तवर होडीला कुनी हात नाय लावायचा. तुज्या आयची अवस्था बगून तुजा आजाच म्हनला, नारल मंग. तशीच तिला होडीत घातली नि पनवेलला नेली. धक्का यायच्या आदीच तू झालास. माज्या लुगड्यात गुंडालला तुला.”

फोटोग्राफरने कॅमेरा वर केला, तो शेठनी हातानेच खाली करायला लावला. मग कॉटशेजारच्या स्टुलावर बसले.

खिशातली घंटा वाजली. ते उठले नाहीत. ती वाजतच राहिली.

सासूबाईंनी मास्क परत नाकाशी नेला.

“जा बाबा,” त्या म्हणाल्या. “कुनीतरी थांबलं आसंल तुज्यासाठी.”